तेवीस नंबरचा दगड

मोजणीच्या कामावर काही लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मला आधी हसूच आलं. सत्तावीस वर्षं मी सुरतेत मोजणी केली, आणि एवढ्या वर्षांत मी नेमकं काय करतो ते माझ्या घरच्यांनाही धड कळलं नाही. आमचे सासरे गावी साक्रीला सांगत सुटायचे, "जवाई सुरतले इंजिनेर शे." मुलगी शाळेत सांगायची, पप्पा उन्हात काठी धरून उभे राहतात. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

खानदेशातून सुरतेला येणारा माणूस कापडाच्या लूमवर लागतो. मीही लागणार होतो, पण दोन दिवसांत कान बधिर झाले. काकांच्या ओळखीनं रिंग रोडवरच्या एका सर्व्हेच्या ऑफिसात चिकटलो, तो तिथंच राहिलो. बाकी बढत्या आणि बदल्या वाचून कोणाचं भलं व्हायचं नाही, म्हणून सोडून देतो.

काम काय ते सांगतो. तेव्हा सगळीकडे यंत्रं नव्हती. तीस मीटरची लोखंडी साखळी, दोन टोकांना पितळी मुठी. एक माणूस पुढची मूठ धरून चालतो, दुसरा मागची धरून त्याला सरळ रेषेत ठेवतो, आणि साखळी ताठ झाली की पुढच्यानं जमिनीत खूण रोवायची. हे दिवसातून दोनशे वेळा. साखळी जुनी झाली की कड्या ताणून ती लांब होते, आणि लांब झालेल्या साखळीनं मोजलेली जमीन कमी भरते. म्हणून दर सोमवारी आम्ही साखळी ऑफिसच्या ओट्यावरच्या पक्क्या खुणांवर ताडून बघायचो. कामरेजला दोन भावांच्या उसाच्या बांधावरून मोजणी होती. धाकट्याला हे साखळीचं गुपित कुठून तरी कळलं होतं. दोन पावलं जमीन मोठ्याकडे गेली तशी त्यानं माझी साखळी गळ्यात घातली आणि "ही माझ्या भावाला फितूर आहे" म्हणून तो उसात जाऊन बसला. आम्ही तास-दीड तास त्याला हाका मारत होतो. शेवटी मोठ्या भावाची बायको ताक घेऊन आत गेली, तेव्हा साखळी मिळाली.

असे गमतीचे किस्से पुष्कळ आहेत, आणि घरात पाहुणे आले की मी तेच सांगतो. आज लिहायला बसलो तर हात त्या किश्शांकडे जाईना. एकच गोष्ट मनात आली, आणि ती मी आजपर्यंत पाहुण्यांना सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. सुरत जिल्ह्यातच, मांडवीच्या पुढे एक रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. रस्त्याच्या कामात मोजणीवाला सगळ्यात आधी जातो. रेषा आखतो, खुंट्या ठोकतो, आणि रेषेत येणाऱ्या झाडांवर नंबर टाकतो. साल थोडी तासायची आणि ऑइल पेंटनं आकडा लिहायचा. लाल आकडा म्हणजे हे निघणार. पांढरा म्हणजे हे राहणार, हात लावू नका. मजुरांना वाचता येत नसलं तरी रंग कळतो, म्हणून ही पद्धत. त्या रस्त्यावरची तीनशेहून जास्त मोहाची आणि सागाची झाडं माझ्याच हातानं लाल झाली होती. माझा आकडा सुबक होता. साहेब लोक लांबून बघून म्हणायचे, हा पाटलाचा हात.

या रस्त्यापासून शंभरेक पावलांवर, टेकडीच्या उतारावर ते दगड होते. गोल रिंगणात उभे, बावीस. काही कमरेएवढे, दोन-तीन माझ्या डोक्याच्याही वर. टेकडीचा दगड तांबूस, भुरभुरा, आणि हे सगळे काळेकुट्ट. म्हणजे कोणीतरी ते लांबून आणले होते. गाडी नाही, बैल असतील-नसतील, अशा काळात कोणी आणले, कशासाठी उभे केले, कोणालाच माहीत नव्हतं. मी आयुष्यभर खुंट्या ठोकल्या, पण त्या रिंगणात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, आपल्या आधी इथं कोणीतरी मोजणी करून गेलं आहे. दगडादगडातलं अंतर इतकं सारखं होतं.

बडोद्याकडचे एक प्राध्यापक त्या दगडांच्या मागे होते. साठीचे, काटकुळे, डोक्याला रुमाल बांधून फिरणारे. ते म्हणायचे, हे दगड तीन हजार वर्षांचे तरी असतील. बहुधा मेलेल्या माणसांसाठी उभे केलेले. सरकारकडे अर्ज करून त्यांना दगडांना संरक्षण मिळवायचं होतं आणि अर्जासोबत मोजून काढलेला नकाशा लागत होता. आमच्या साहेबांना त्यांनी गळ घातली, साहेबांनी मला एक रविवार दिला.

शनिवारी संध्याकाळी प्राध्यापकांनी मला बजावलं, "पाटील, मी सकाळी दहापर्यंत पोचतो. तोवर दगडांवर नंबर टाकून ठेवा, म्हणजे नकाशात घोळ होणार नाही. साध्या खडूनं टाका."

खडूनं! मी मनात म्हटलं, हे शाळामास्तर. रात्रभर दव पडतं, खडू सकाळी दिसणार नाही, आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. आमच्या धंद्यात नंबर म्हणजे पक्का नंबर. सकाळी सातला मी पेंटचा डबा घेऊन रिंगणात उभा होतो. पांढऱ्या डब्यावर साय धरून तो घट्ट झाला होता. लाल डबा झाडांच्या कामातला, अर्धा शिल्लक. मी लाल घेतला. रंगाचा अर्थ मी विसरलो होतो असं नाही. पण तो अर्थ झाडांपुरता, असं मी धरून चाललो. दगड कोण तोडतंय?

अर्धे नंबर टाकून झाले तेव्हा एक बाई माझ्या मागे येऊन उभी राहिली. साठीच्या आसपासची, काष्टा घातलेली, तिथल्या गामीत आदिवासींतली बाई. हातात तांब्या होता. तिचं नाव जेठीबेन. ती गामीत बोलायची, मी अर्धी अहिराणी अर्धी गुजराती. आमचं भागायचं. तिचं बोलणं इथं साध्या मराठीत लिहितो.

"हे काय लिहितोस भाई?"

"नंबर टाकतोय, बेन."

"नंबरनं काय होतं?"

मी रंगात आलो होतो. तिला सांगितलं, की याचा आता नकाशा होणार, सरकारच्या चोपड्यात नाव चढणार. नंबर पडला म्हणजे दगड सरकारी झाला. कोणाची माय व्याली नाही त्याला हलवायला.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "इकडे ये."

रिंगणाच्या बाहेर, चढाच्या बाजूला हातभर अंतरावर एक दगड उभा होता. मांडीएवढा, त्याच टेकडीचा तांबूस दगड. त्यावर छिन्नीनं कोरलेला एक माणूस, दोन हात, दोन पाय, डोक्यावर चंद्र आणि सूर्य. पायाशी नारळाची करवंटी. तांब्यातलं पाणी तिनं त्यावर घातलं.

तो तिचा मुलगा मगन. सुरतेजवळ इच्छापोरला एका कारखान्याच्या बांधकामावर ठेकेदाराकडे होता. पाच महिन्यांपूर्वी उंचावरून पडला. निरोप गावात पोचेपर्यंत दोन दिवस गेले, आणि ती सुरतेला पोचली तोवर ठेकेदाराच्या माणसांनी सगळं उरकून टाकलं होतं. तिला चेहरा दिसला नाही, राखही मिळाली नाही. त्यांच्यात मेलेल्या माणसाचा दगड उभा करतात आणि तो माणूस त्यात येऊन राहतो. एरवी हे दगड गावाच्या शिवेवर असतात. जेठीबेननं मगनचा इथं ठेवला.

"शिवेवरचे सगळे म्हातारे," ती म्हणाली. "हे पण म्हातारेच, आमच्याही आधीचे. पण हे उभे आहेत. मगनला उभ्या माणसांची सोबत बरी. त्याला बसून राहायला आवडायचं नाही."

मग तिनं सरळ विचारलं, "याला पण नंबर देतोस?"

मी दिला. बावीस दगडांचे नंबर पूर्ण केले आणि मगनच्या दगडावर, कोरलेल्या माणसाच्या पायाखाली जागा बघून, तेवीस लिहिलं. तिनं बोट लावून पाहिलं, रंग बोटाला लागला. तिनं तो लुगड्याला पुसला आणि हसली. मलाही बरं वाटलं. फार बरं वाटलं, हे आज लिहितानाही कबूल करतो.

दहाला प्राध्यापक आले. लाल आकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, खडू म्हणालो होतो मी!" पण रविवार एकच होता. आम्ही तिपाईवर मोजणीचं टेबल लावलं, दिवस मावळेपर्यंत बावीस दगड कागदावर बोटभर चूक न होता उतरवले. तेवीस नंबरपाशी आलो तेव्हा प्राध्यापक म्हणाले, "हा जुना नाही. हा घेऊ नका, अर्जाला फाटे फुटतील." त्यांचंही बरोबर होतं. मी तो घेतला नाही. जेठीबेन तोवर घरी गेली होती.

पुढचे तीन आठवडे मी दुसऱ्या कामावर होतो. तेव्हा आम्ही सुरतेच्या कडेला कोसाडला राहायचो. आमच्या कॉलनीत सगळे आपलेच, नंदुरबार, शिरपूर, साक्रीकडचे. समोरच्या लाइनीत सुकदेव राहायचा. तो त्याच रस्त्याच्या ठेकेदाराकडे मुकादम, झाडं-झुडपं काढायची टोळी त्याच्याकडे. एका सुट्टीच्या सकाळी चहाच्या टपरीवर तो भेटला. हाताला चिंधी बांधलेली.

"तुना दगडेसनी भलता तरास दिधा, भो," तो म्हणाला. "दोन घण तुटनात."

"कोनता दगड?"

"त्या टेकडीवरना. लाल नंबरना. तूच तं टाकेल शे ना नंबर?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. लाल नंबर दिसेल ते काढायचं, एवढाच त्याला हुकूम. झाडं संपली तेव्हा टेकडीवर आणखी एक ते तेवीस सापडले. त्याला वाटलं, ही नवीन यादी असेल. माझा आकडा म्हटल्यावर त्यानं कोणाला विचारायची गरजच ठेवली नाही. सुरुंग लावून पाडले, घणानं फोडले आणि ट्रॅक्टरमध्ये भरून ठेकेदाराच्या खडी मशीनवर पाठवले.

"तेवीस नंबरना पन?" मी विचारलं.

"बठ्ठा. एक पन ठेवना नई." तो अभिमानानंच म्हणाला. काम पूर्ण केल्याचा अभिमान. माझा चेहरा बघून मग त्याचा उतरला. "काय व्हयनं? नई काढाना व्हतात का?"

त्याची काय चूक? रंगाचा नियम मीच त्याच्या टोळीला शिकवला होता. माझा चहा टपरीवर तसाच राहिला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमी मुद्दाम करं का?" मी म्हटलं नाही. "मंग सांगी या त्या बाईले. बसी नका राहू." बायकोला माझं काम कळत नव्हतं, पण हे तिला माझ्या आधी कळलं.

प्राध्यापकांना मी आधी फोन केला, कारण ते सोपं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "नकाशा आहे ना पाटील?" मी म्हटलं, आहे. "मग निदान होते एवढं तरी सांगता येईल." त्यांनी तोंडातून एक वाईट शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एसटीनं गेलो. साखळी का बरोबर घेतली, मला आजही सांगता येत नाही. बहुधा नुसत्या हातानं त्या रस्त्यावर जायची सवय नव्हती. टेकडीवर बावीस खड्डे होते, आणि बाजूला एक उथळ. करवंटी पडली होती. जेठीबेन त्या उथळ खड्ड्याशी बसली होती. मला बघून उठली.

"बघ भाई," ती म्हणाली, "तू नंबर दिला होतास तरी चोरून नेले. तू सरकारला सांग. तुझ्याकडे लिहिलेलं आहे."

इथंच मला सुटता आलं असतं. तिनं दार उघडून धरलं होतं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. लाल रंग म्हणजे काय, पांढरा म्हणजे काय, पांढरा डबा सुकला होता, मी आळस केला. दगड फोडले ते माझ्या आकड्यामुळे. तुम्ही मागितलात तरी मगनला मी नंबर दिला नसता, तर तो इथं एकटा का होईना, उभा असता. बोलताना मला रडू आलं. तिला आलं नाही. ती माझ्याकडे एकटक बघत होती, जसं परक्या भाषेतलं बोलणं ऐकावं तसं.

मग तिनं विचारलं, "तुझ्या कागदावर आहे ना तो?"

मी मान हलवली. "नाही, बेन. बाकीचे बावीस आहेत. तो नाही घेतला."

खाली रस्त्यावर रोलर फिरत होता. नवी खडी दाबून वर डांबर टाकणं चालू होतं. त्या खडीकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे आता तो तिथं आहे."

"हो. कुठे तरी."

"कुठे तरी नाही. तू मोजणारा आहेस ना? मग मोज. कुठे आहे ते मला दाखव."

मी तिला समजावायला गेलो. मशीनमध्ये सगळ्या दगडांची मिळून खडी होते, ती तीन-साडेतीन किलोमीटरवर पसरली आहे, कोणाचा तुकडा कुठे पडला हे देवालाही सांगता यायचं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या पिशवीकडे बोट केलं. साखळीची मूठ बाहेर लोंबत होती.

मी साखळी काढली. मोजायला दोन माणसं लागतात. पुढची मूठ तिनं घेतली. नाल्यावरच्या पुलापासून सुरुवात केली. मी म्हणायचो, "चला बेन," आणि ती चालायची. "थांबा. खेचा." ती असं खेचायची की साखळी वाजायची. एकदाही वाकडी गेली नाही. इतका चांगला माणूस पुढच्या टोकाला मला आयुष्यात मिळाला नाही. रस्त्यावरचे मजूर काम थांबवून बघत होते. मी खालमानेनं आकडे मोजत होतो, एक साखळी, दोन साखळ्या, आणि कितीला थांबायचं ते मला माहीत नव्हतं. अकरा झाल्या तेव्हा माझ्यानं पुढे मोजवेना. मी म्हटलं, "इथं."

मी खुंटी काढली आणि रस्त्याच्या कडेला मुरमात ठोकायला वाकलो. तिनं माझा हात धरला.

"कडेला आहे की आत?"

"कडेलाच बरं, बेन. तुम्हाला येऊन बसता येईल."

"माझं बसायचं बघू नकोस. जिथं आहे तिथं दाखव."

मग मी डांबरावर गेलो, माझ्या बाजूनं तीन पावलं, आणि बुटाच्या टाचेनं ताज्या डांबरात खूण केली. ती आली, उकिडवी बसली आणि त्या खुणेवर तळहात ठेवला. डांबर अजून गरम होतं, तिनं हात काढला नाही. तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न वाजला. मी तिला धरून कडेला आणलं. ट्रक खुणेवरून गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

"या बाजूच्या गाड्या कुठे जातात?" तिनं विचारलं.

"सुरतेला."

मग पदरानं हात पुसत म्हणाली, "म्हणजे परत सुरतेलाच निघाला."

ती घराकडे चालू लागली. मी तिथंच साखळी हातात घेऊन उभा राहिलो. सगळं माप माझ्या मनचं होतं, आकडा माझा, जागा माझी. पलीकडे आणखी चार पावलं टाकली असती तर गावाकडे येणाऱ्या गाड्यांची बाजू होती. तेवढी चार पावलं मला सुचली नाहीत.